तरंगलेला थेंब

कमलाकर कासेगावकरांना रक्ताची किळस कधीच आली नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत ते एकोणतीस वर्षं टेक्निशियन होते. हातमोज्यांवर सांडलेलं, नळीत गोठलेलं, मशीनमध्ये गरगर फिरून वर पिवळं आणि खाली गर्द लाल असं वेगळं झालेलं, सगळ्या तऱ्हेचं रक्त त्यांनी हाताळलं होतं. हात धुवायचे, पलीकडच्या खोलीत जायचं आणि डबा उघडून निवांत जेवायचं, यात त्यांना कधी काही वाटलं नाही. त्यांना शिसारी यायची ती माणसांची.

सुरुवातीला तसं नव्हतं. पहिली दहा-बारा वर्षं ते खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला जीव तोडून समजावून सांगत. रक्त दिल्यावर अशक्तपणा येतो का? नाही येत. अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आपण साडेतीनशे मिली काढतो, त्यातलं पाणी एका-दोन दिवसांत भरून येतं आणि तांबड्या पेशी महिना-दीड महिन्यात. त्या पेशी तशाही चार महिन्यांवर जगत नाहीत, दिलं नाही तरी मरायच्याच. बीट खाल्ल्यावर रक्त वाढतं का? बिटाचा रंग लाल असतो एवढंच, त्यापेक्षा पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, मटकी खा आणि वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा ढोसू नका, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. गट बदलतो का? जन्मभर बदलत नाही. कॉलेजांत, गिरणीत, सूतमिलच्या कामगारांपुढं त्यांनी ही भाषणं शेकडो वेळा दिली होती.

मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की विचारणाऱ्यांतले निम्मे लोक उत्तरासाठी विचारतच नाहीत. ते सुटकेसाठी विचारतात. तोंड खिडकीकडं असतं आणि पाय दाराकडं वळलेले असतात. दवाखान्यात बायको, आई, बहीण पांढरीफटक होऊन पडलेली, आणि हे इथं विचारतायत की साहेब, आज मी शाबूदाणा खाल्लाय, चालेल का? तेव्हापासून कमलाकर आधी पाय बघायचे, मग उत्तर द्यायचे. उत्तरं तीच होती, पण आवाजातला ओलावा गेला होता. समुपदेशनाच्या टेबलावर बसणारी सृष्टी, यंत्रमागवाल्यांच्या घरातली पंचवीस वर्षांची पोरगी, अजून प्रत्येकाशी हसून बोलायची. कमलाकर तिला म्हणायचे, अजून पाच वर्षं थांब.

एप्रिल महिन्यातली गोष्ट. ऊन त्रेचाळीसवर गेलं होतं. कॉलेजच्या परीक्षा लागल्या की शिबिरं बंद होतात आणि रक्तपेढीचं थंड कपाट रिकामं पडायला लागतं. त्या सोमवारी सकाळी ओ पॉझिटिव्हच्या फक्त पाच पिशव्या शिल्लक होत्या. अकराच्या सुमाराला एका खासगी प्रसूतिगृहातून मागणीची चिठ्ठी आणि रक्ताच्या नमुन्याची नळी आली. अंकिता नावाची बावीस वर्षांची बाई, गट ओ पॉझिटिव्ह, आठवा महिना, वार खाली सरकलेली, पहाटेपासून रक्तस्राव. हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ. दोन पिशव्या ताबडतोब, दोन ऑपरेशनसाठी तयार ठेवा.

नळी हातात घेतल्याबरोबर कमलाकरांना कळलं. ते रक्त काचेला धरतच नव्हतं, पातळ सरबतासारखं हलत होतं. त्यांनी पाऊण तासात जुळवणी करून चारही पिशव्या बाजूला काढल्या आणि दोन लगेच पाठवून दिल्या. कपाटात एकच उरली. मग ते खिडकीशी आले आणि विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे?

पाच पुरुष होते. वैरागच्या अलीकडच्या एका खेड्यातून जीप करून आले होते. पुढं उभा होता तो अंकिताचा सासरा रावजी, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, बागायतदार असल्याचं बोलण्यातून सारखं सांगणारा. त्याच्या मागं मुलगा ऋतुराज, अंकिताचा नवरा, सत्तावीस वर्षांचा, बाह्या दंडाला घट्ट बसलेला टी-शर्ट घातलेला. बाकीचे तिघं भावकीतले. आणि या सगळ्यांच्या मागं, पायरीवर, पदराच्या टोकानं तोंड पुसत बसलेली एक वाळकी बाई होती, ती रावजीची बायको सोनाबाई. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. कमलाकरांचंही नव्हतं.

कमलाकरांनी सांगितलं, की चार पिशव्या काढल्या आहेत, आणखी लागू शकतात, आमच्याकडं आता एकच आहे, तेव्हा तुमच्यातल्या कुणी दिलं तर बरं होईल. सक्ती नाही. रावजीनं ते ऐकून घेतलं, इकडंतिकडं बघितलं आणि खिडकीच्या आत डोकं घालून आवाज खाली आणला.

"सायेब, ह्या पिशव्या कुनाच्या हायती?"

"दात्यांच्या."

"त्ये झालं. पर कंच्या लोकांच्या? म्हंजी, आपल्यातल्या का दुसऱ्या कुनाच्या?"

हा प्रश्न कमलाकरांनी एकोणतीस वर्षांत तीस-चाळीस वेळा तरी ऐकला असेल. शहरातल्या शिकलेल्या लोकांनीसुद्धा विचारला होता, फक्त त्यांचे शब्द गुळगुळीत असायचे. प्रत्येक वेळी त्यांच्या घशाशी आंबट यायचं. त्यांनी सांगितलं, की पिशवीवर गट असतो, तारीख असते, नंबर असतो. आडनाव नसतं. शिवाय जवळच्या नात्यातलं रक्त आम्ही होता होईतो टाळतोच, ते कधीकधी पेशंटच्या अंगावर उलटतं.

रावजी रागावला असता तर कमलाकरांना बरं वाटलं असतं. तो रागावला नाही. समजूतदारपणे हसला. बियाणाच्या दुकानात पुढं मांडलेला माल एक असतो आणि ओळखीच्यासाठी आत ठेवलेला वेगळा असतो, हे ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकासारखा हसला आणि म्हणाला, "तुमी लई वर्सं हितं हाय. जरा आतलं बगा की."

कमलाकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनी एवढंच म्हटलं, की आपल्यातलंच पाहिजे असेल तर आपल्यातले पाचजण माझ्यासमोर उभे आहेत, या आत, सुई तयार आहे.

त्यानंतरचा पाव तास सृष्टीनं पुढं अनेकांना हसत हसत सांगितला. कमलाकरांना मात्र त्यात कधी हसू आलं नाही. रावजीला साखर होती. साखर असली तरी गोळ्यांवर आटोक्यात असेल तर देता येतं, असं सांगितल्यावर त्याला रक्तदाबही होता. भावकीतला एक गाडी लावायला गेला तो आलाच नाही. दुसऱ्यानं काल रात्री घेतली होती, हे त्यानं फुशारकीनं सांगितलं. तिसऱ्याचा उपास होता. राहिला ऋतुराज. तो व्यायामशाळेत जायचा, पुढच्या महिन्यात त्याची कसली तरी शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती. त्यानं विचारलं, की रक्त दिल्यावर ताकद कमी होते का? मग आणखी जवळ येऊन, दुसरी ताकद कमी होते का, तेही विचारलं. कमलाकरांनी दोन्हीचं उत्तर नाही असं दिलं. त्याचे पाय दाराकडं होते.

"माझं तिलाच चढवणार का?" त्यानं विचारलं.

नाही, असं कमलाकर म्हणाले. नवऱ्याचं रक्त मुलं व्हायच्या वयातल्या बायकोला देत नाहीत, तिच्या अंगात त्याच्याविरुद्ध द्रव्यं तयार होतात आणि पुढच्या बाळंतपणात बाळाला धोका होतो. तुझं दुसऱ्या कुणाला तरी जाईल, जसं आज दुसऱ्या कुणाचं तरी तिला गेलंय.

"मग म्या कशाला द्यायचं?" ऋतुराज म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. कमलाकरांना तेच जास्त घाण वाटलं.

तेवढ्यात सोनाबाई पायरीवरून उठून आत आली. तिनं चपला दाराशी काढल्या, पदर खोचला आणि सृष्टीला म्हणाली, की माजं घ्या. सृष्टीनं वय विचारलं. तिला नक्की माहीत नव्हतं, अठ्ठेचाळीस-पन्नास असेल. वजन कसंबसं सेहेचाळीस भरलं. कमलाकरांनी तिचं बोट टोचलं आणि थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. रक्तात पुरेसा कस असला की तो थेंब दगडासारखा सरळ तळाला जातो. सोनाबाईचा थेंब पाण्यात शिरला, क्षणभर घुटमळला आणि परत वर येऊन तरंगत राहिला.

"बुडंना व्हय?" तिनं विचारलं.

मशीनवर आकडा आला सात पॉइंट चार. कमलाकरांनी तिला सांगितलं, की तुमचं घेता येणार नाही, तुम्हालाच दोन पिशव्या लावायची वेळ आली आहे. ती ओशाळली, पुरुषांकडं बघून ओशाळली, जणू घरचा आणलेला नारळ फोडल्यावर कुजका निघाला. मग कमलाकरांनी तिला विचारलं, सुनेला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळत नव्हत्या का? मिळत होत्या, असं ती म्हणाली. डबाभर पडल्या होत्या. पोर काळं होतं म्हणतात, म्हणून तिनंच सुनेला खाऊ दिल्या नव्हत्या. घरात सगळे तेच म्हणत होते. आणि जेवण? जेवण काय, सगळ्यांचं झालं की दोघी बसत होत्या. कालवण उरलं तर उरलं, नाहीतर चटणी होतीच.

कमलाकरांचा तोल सुटला. रावजीला जे सुनवायचं होतं, ऋतुराजला जे सुनवायचं होतं, ते सगळं त्यांनी या बाईच्या डोक्यावर ओतलं. "तिकडं जी पोरगी मरायला टेकलीय ना, तिचं रक्त तुम्ही तुमच्या हातानं आटवलंत," ते म्हणाले.

सोनाबाईनं बोटावरचा कापूस दाबून धरला आणि खाली मान घालून ऐकून घेतलं. सृष्टीनं कमलाकरांकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिकडं त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

थोड्या वेळानं ऋतुराज स्वतःहून आत आला आणि खुर्चीवर आडवा झाला. आईचं बोलणं ऐकून पोराला लाज वाटली असेल, असं कमलाकरांना वाटलं, आणि घडीभर त्यांना त्याच्याबद्दल बरंही वाटलं. सुई गेली, पिशवी भरू लागली. मग त्यानं मोकळ्या हातानं फोन काढला, मान तिरकी केली, नळी आणि दंड दोन्ही दिसतील असा फोटो घेतला. एक नीट आला नाही म्हणून दुसरा घेतला. उठल्यावर त्यानं प्रमाणपत्र मागितलं आणि त्याचाही फोटो घेतला. बिस्कीट खाता खाता तो स्टेटसवर काय लिहायचं ते मित्राला फोनवर विचारत होता. तिकडं अंकिताला ऑपरेशनला घेऊन तोवर वीस मिनिटं झाली होती. ती कशी आहे, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. कमलाकरांनी पिशवीला नंबर चिकटवला आणि ती कपाटात ठेवताना त्यांच्या मनात आलं, की हे रक्त आता कुणा भल्या माणसाला जाईल आणि त्याला कळणारही नाही. ते तितकंच चांगलं असेल, याचाच त्यांना त्या दिवशी राग आला.

संध्याकाळी ते जुळे सोलापुरातल्या आपल्या घरी आले, अंघोळ केली आणि आठला जेवायला बसले. घरात तिघंच. ते, बायको मालतीबाई आणि बारावीची परीक्षा संपवून बसलेली मुलगी वैदेही. मालतीबाई बालवाडीत शिकवायच्या. कमलाकर आणि वैदेही टेबलाशी बसले होते, मालतीबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या आणि एकेक गरम भाकरी आणून वाढत होत्या. रोज असंच चालायचं. जेवताना दिवसभराची हकीकत सांगायची कमलाकरांची जुनी सवय होती, आणि त्या दिवशी तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी रावजीचा आवाज काढून दाखवला, ऋतुराजची मान तिरकी करून दाखवली. सोनाबाईचा थेंब कसा वर आला ते सांगितलं. मग म्हणाले, या लोकांची घरंच तशी. बायका सगळ्यांच्या मागून खाणार, खरवडून उरलेलं खाणार, आणि मग आम्ही इथं पिशव्या शोधत फिरायचं. किळस येते.

मालतीबाई ऐकत होत्या. तव्यावर भाकरी टाकून त्यांनी शेजारच्या डब्यातून चिमूटभर कच्चे तांदूळ घेतले आणि तोंडात टाकले. कुरकुर आवाज झाला.

"आई, किती खातेस ते तांदूळ," वैदेही म्हणाली. "दात पडतील तुझे."

कमलाकरांनी सवयीनं नेहमीचा विनोद सुरू केला, की आपल्याकडं तांदळाची दोन मापं लागतात, एक कुकरला आणि एक... आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर आला नाही. कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ असलं काहीतरी सतत खावंसं वाटणं, हे अंगात लोह संपल्याचं लक्षण असतं. हे वाक्य त्यांनी स्वतःच्या तोंडानं कॉलेजच्या पोरींना किती वेळा सांगितलं होतं याची गणती नव्हती. सांगताना पोरी हसायच्या, म्हणून ते हातवारे करून सांगायचे.

त्यांनी विचारलं, हे तांदूळ कधीपासून? मालतीबाईंना आठवेना. झाली असतील तीन-चार वर्षं. कमलाकर उष्ट्या हातानं उठले, डाव्या हातानं त्यांना ट्यूबलाइटखाली घेऊन आले आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली असायला हवी तिथं धुऊन धुऊन विटलेल्या फडक्याचा रंग होता. नखं पाहिली, ती मध्ये खोलगट झाली होती. या हातांनी रोज त्यांना पाणी दिलं होतं. त्यांनी पाळीबद्दल विचारलं. मालतीबाईंनी एकदा वैदेहीकडं पाहिलं आणि सांगितलं, की महिन्यातले दहा-बारा दिवस जातं, गाठी पडतात, दोन-तीन वर्षं झाली. बालवाडीचा जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. वय झालं की असंच असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?" कमलाकर म्हणाले.

मालतीबाईंनी भाकरी उलटली. करपायला लागली होती. "तुम्ही रोज दुसऱ्यांच्या रक्ताचं सांगत बसता," त्या म्हणाल्या. "त्यात माझं कुठं मध्येच सांगायचं?"

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तशा बोलल्या होत्या. कमलाकरांनी ताटाकडं पाहिलं. निम्मी भाकरी, तिच्यावर तूप, वाटीत घट्ट डाळ, शेंगाची चटणी, लिंबाची फोड. पातेल्यात बायकोसाठी काय उरलंय ते त्यांनी वाकून बघितलं, आणि मग ते मोरीत गेले आणि त्यांना खरोखरची उलटी झाली. एकोणतीस वर्षांत रक्तानं झाली नव्हती.

सकाळी ते मालतीबाईंना स्कूटरवर मागं बसवून रक्तपेढीत घेऊन गेले. बोट टोचायला त्यांचा हात धजेना. सृष्टीनं टोचलं. मशीननं आकडा दाखवला सहा पॉइंट एक. काल ज्या पोरीला मरायला टेकलेली म्हटलं होतं, तिच्यापेक्षा तीन दशांशानं जास्त, आणि ही बाई रोज दोन जिने चढून पोरांना गाणी शिकवत होती. सृष्टीनं मालतीबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलत बसली. कमलाकर भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे राहिले. रक्तक्षयाची दहा लक्षणं, असा तो तक्ता होता. तो त्यांनीच लिहून छापून घेतला होता.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासून सांगितलं, की गर्भाशयात गाठी आहेत, काढाव्या लागतील, पण आधी दोन पिशव्या रक्त आणि मग शिरेतून लोह. कधीपासून त्रास आहे, महिन्याला किती दिवस, झोप लागते का, धाप किती पायऱ्यांनी लागते, असे त्या एकेक विचारत गेल्या. सवयीनं कमलाकर प्रत्येक वेळी तोंड उघडायचे, आणि त्यांना काही माहीत नसायचं. उत्तर मालतीबाईच द्यायच्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही काय करता? त्यांनी सांगितलं. बाईंनी मान वर करून एकदा बघितलं आणि परत कागदावर लिहू लागल्या.

मालतीबाईंचा गट बी पॉझिटिव्ह. पिशवी काढायला कमलाकर स्वतः कपाटाशी गेले. नियम असा, की ज्या पिशवीची मुदत आधी संपते ती आधी द्यायची, म्हणून जुन्या पिशव्या पुढं असतात. कमलाकरांचा हात पुढच्या पिशव्यांवरून मागं गेला. परीक्षा लागायच्या आधीच्या शेवटच्या शिबिरांतल्या, त्यातल्या त्यात ताज्या पिशव्या मागच्या बाजूला होत्या. त्यातली एक त्यांनी उचलली, उजेडात धरली, ठेवली, दुसरी उचलली. तिचा नंबर वाचला. हा नंबर कुठल्या शिबिरातला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या की बाजार समितीतल्या हमालांच्या, हे ते मनातल्या मनात आठवू लागले. कॉलेजचा असला तर बरं, असं त्यांच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं.

"सर, पुढची घ्यायची असते," मागून सृष्टी म्हणाली.

कपाळाला बुक्का लावलेला तो माणूस खिडकीत डोकं घालून जे मागत होता, तेच ते स्वतः करत होते, आणि त्यांना तर विचारायचीही गरज पडली नव्हती, किल्ली त्यांच्याच हातात होती. त्यांनी हातातली पिशवी मागं ठेवली आणि पुढची, तेवीस दिवसांची, काढून सृष्टीकडं दिली. जुळवणी तू कर, असं सांगून ते बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. इतकी किळस त्यांना आजवर कुणाची आली नव्हती, आणि या माणसाला खिडकी लावून घेऊन बाहेर ठेवताही येत नव्हतं.

शनिवारी सोनाबाई एकटीच आली. अंकिता वाचली होती. मुलगी झाली होती, पावणेदोन किलोची, काचेच्या पेटीत ठेवली होती पण दूध ओढत होती. रावजी आणि बाकीचे मंगळवारीच गावी परतले होते, पिकाला पाणी द्यायचं म्हणून. ऋतुराज येऊन-जाऊन होता. सोनाबाई नातीसाठी आली नव्हती, गोळ्यांसाठी आली होती. तिनं विचारलं, की त्या गोळ्या आता सुनेला द्यायच्या का, का उशीर झाला? उशीर झालेला नाही, असं कमलाकर म्हणाले. मग त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि एका कागदावर, तिला वाचता येत नव्हतं म्हणून, सूर्य उगवताना आणि मावळताना काढून दाखवला, शेजारी लिंबू काढलं, आणि चहाचा कप काढून त्याच्यावर काट मारली. बाळ काळं होत नाही, शौचाला काळं होतं, त्याला भ्यायचं नाही, हेही सांगितलं. आणि गोळ्या दोघींनी खायच्या.

"म्या बी?" सोनाबाई म्हणाली. "मला काय हुतंय आता."

कमलाकरांना तिची माफी मागायची होती. चार दिवस ते मनात वाक्य जुळवत होते. पण ते जुळलं नाही. त्यांनी फक्त सांगितलं, की माझ्या घरातसुद्धा हेच निघालं, बाई. माझ्या बायकोचं तुमच्यापेक्षा कमी निघालं. सोनाबाईनं त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. तिला त्यात नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं कागदाची घडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि चपला घालून गेली.

मालतीबाईंचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. दिवाळीपर्यंत आकडा अकराच्या वर गेला. तांदूळ खायची इच्छा कधी गेली, ते त्यांनाही कळलं नाही. वैदेहीनं एकदा डबा पुढं केला तर त्यांनी नाक मुरडलं.

जेवणाची गोष्ट मात्र इतकी सोपी निघाली नाही. कमलाकरांनी ठरवलं, की तिघांनी एकदम बसायचं. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी मालतीबाई उठून ओट्याशी गेल्या, गार भाकरी त्यांच्याच घशाखाली उतरेना. मग कमलाकरांनी भाकरी थापून बघितली, ती तव्यावर जाईपर्यंत तुटली. शेवटी तोड निघाली ती कडक भाकरीची. रविवारी मालतीबाई आणि वैदेही मिळून आठवड्याच्या भाकरी करून वाळवायच्या, ताट-वाट्या आणि डाळीचं बघणं कमलाकरांकडं, आणि संध्याकाळी ओट्याशी कुणीच उभं राहायचं नाही. आठवड्यातून चार दिवस हे जमायचं. उरलेले तीन दिवस मालतीबाई काही ना काही कारण काढून उभ्याच असायच्या, आणि कमलाकर हाका मारत बसायचे.

रक्तपेढीतल्या हकीकती सांगणं त्यांनी बंद केलं. मालतीबाईंनी एकदा स्वतःच विचारलं, की आज कोण आलं होतं? कमलाकर म्हणाले, होते असेच कुणीतरी. आणि मग त्यांनी कडक भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या ताटात ठेवला आणि विचारलं, की आज जिना चढताना थांबावं लागलं का.